यंदा पायाला काही लागलं नाही

बोईसरमध्ये कोणाला शुगर निघाली हे मला डॉक्टरांच्या पाठोपाठ कळतं. मी डबे देते. एमआयडीसीतल्या कारखान्यांत काम करणारी, बायकामुलं गावाकडे ठेवून आलेली माणसं माझ्याकडचं जेवतात. कोणी साताऱ्या-सांगलीकडचे, कोणी जळगावचे, आणि निम्मे तरी बिहार-यूपीचे. मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा मी हा उद्योग सुरू केला. तेव्हाच्या तक्रारी साध्या होत्या. पोळ्या पुरत नाहीत, भात दाबून भरा, रविवारी गोड का नव्हतं. एखादाच म्हातारा मुकादम जिन्यात गाठून हळूच सांगायचा, की माझ्या डब्यात बटाटा घालू नका.

आता ते सांगायला कोणी लाजत नाही. असे डबे वेगळे कळावेत म्हणून मी त्यांना लाल रबर लावते. आधी लाल रबराचे डबे ओट्याच्या एका कोपऱ्यात मावत. मग त्यांना एक आख्खी फळी द्यावी लागली. आणि ही सगळी पिकल्या केसांची माणसं नाहीत. परवा एक वेल्डर आला, तिशी ओलांडली असेल-नसेल. दारातूनच म्हणाला, "दीदी, कल से चावल बंद. शुगर निकला है." घरात साप निघाला असं सांगावं तसा त्याचा चेहरा होता. मी विचारलं, घरी आणखी कोणाला आहे का? तर म्हणाला, बापाला आहे, चाच्याला आहे, पण ते बुढ्ढे आहेत. मी त्याचा डबा रिकामा करून घेतला आणि रबर लावलं.

मधुमेह हा शब्द दवाखान्याच्या भिंतीवर असतो. माणसं 'शुगर' म्हणतात, आणि त्यातही आपल्याला शुगर आहे असं कोणी म्हणत नाही, 'बॉर्डरवर आहे' म्हणतात. आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एवढी माणसं बॉर्डरवर आहेत, की देशाला वेगळं सैन्य ठेवायची गरज नाही. बॉर्डरवरचा माणूस चालायला जात नाही, गोळी वेळेवर घेत नाही आणि लग्नातली जिलेबीही सोडत नाही. फक्त उचलताना म्हणतो, "एकच हं, बॉर्डरवर आहे." आमचे हे त्या सैन्यातले जुने शिपाई.

गोड खाणाऱ्यालाच शुगर होते असं मलाही वाटायचं. तो समज जवळच्या घिवली गावच्या भाजीवाल्या मावशीने काढून टाकला. तिची स्वतःची वाडी आहे. दुधी, वांगी, माठ घेऊन ती सकाळच्या गाडीने येते आणि टोपलीच्या तळाशी माझ्यासाठी थोडी सुकट ठेवते. बाई वाळक्या शेंगेसारखी. दिवसभर डोक्यावर टोपली. एके दिवशी टोपली उतरवून तिथेच जिन्यावर बसली आणि म्हणाली, "ताई, माला शुगर निंगाली. मी गोड खातच नाय. चा बी बिनसाकरंचा. आता सांग, कुटून आली ही?"

"मग खातेस काय?"

"भात. सकाली भात, दुपारी भात, राती भात नि कालवन. भाताला कोन गोड बोलतो?"

"आणि घरात कोणाला आहे?"

"आयला होती. दोगा भावांना हाय. पन ते दारू पितात ना, मंग त्यांना होनारच. मी काय पिते?"

मी म्हटलं, आईला नि भावांना आहे म्हणजे तुझा नंबर लागणारच होता, गोड खा नाहीतर कडू खा. ती हसली, टोपली उचलली आणि निघाली. दुसऱ्या दिवशी मेथीची जुडी स्वतःसाठी बाजूला काढून ठेवलेली दिसली.

दुसऱ्यांचे डबे असे डोळ्यात तेल घालून भरणारी मी, पण घरातल्या माणसाचं काय चाललंय ते मला नीट दिसलं नाही. दिसलं नाही म्हणजे रोज दिसत होतं, म्हणून दिसलं नाही.

आमचे हे इथे आले ते साताऱ्याहून, एका केमिकल कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. लग्न झाल्यावर आम्ही जवळच्या पाम गावात एका खोलीत राहायचो. तिथून हे सायकलने कामावर जायचे. प्लांटमध्ये वॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे, दिवसात कितीदा लोखंडी जिने चढायचे-उतरायचे. पट्ट्याला मोच्याकडून जास्तीचं भोक पाडून घेतलं होतं, एवढे बारीक. रात्री उशीला डोकं टेकलं की झोप. मी कौतुकाने सासूबाईंना फोनवर सांगायचे, तुमचा मुलगा नुसता काटकुळा आहे.

कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाच्या मनात एकच गोष्ट असते, कायम होणं. ह्यांनी देवीला बोलून ठेवलं होतं, की मला कायम कर, मी जन्मभर नवरात्रात अनवाणी राहीन. देवीने ऐकलं की मॅनेजरने, हे मला ठाऊक नाही. पण कायम झाले आणि पुढच्या नवरात्रापासून चपला दाराआड गेल्या. कंपनीत मात्र सेफ्टी शूज घातल्याशिवाय गेटच्या आत घेत नाहीत. त्यावर ह्यांनी स्वतःच तोडगा काढला. बूट गेटवर ठेवायचे, आत जाताना घालायचे, सुटलं की गेटवरच काढायचे. "आतलं कंपनीचं, बाहेरचं आईचं," असं म्हणायचे. हे देवीशी कधी ठरलं ते मी विचारलं नाही.

पुढे बढती झाली. वॉल्व्ह दुसरे फिरवू लागले आणि हे कंट्रोल रूममध्ये पडद्यासमोर खुर्चीत बसू लागले. सायकल जाऊन मोटारसायकल आली. पाळ्या तशाच राहिल्या, एक आठवडा सकाळची, एक दुपारची, एक रात्रीची. रात्रपाळीत जाग राहावी म्हणून चहा, चहाबरोबर पाव नाहीतर भजी, आणि मधल्या वेळात तंबाखूची चिमूट. सकाळी घरी येऊन जेवून झोपायचे, दुपारी उठून पुन्हा जेवायचे. पट्ट्याची जास्तीची भोकं आता दुसऱ्या टोकाला पडू लागली. मी म्हणायचे, पोट सुटलंय. ते म्हणायचे, कायम झालेल्या माणसाला शोभतं.

सासऱ्यांना शुगर होती, सासूबाईंनाही होती. जमिनीचे चार भावांत चार तुकडे झाले; ही इस्टेट मात्र प्रत्येकाला अख्खी मिळाली. कंपनीच्या वर्षाच्या तपासणीत ह्यांची शुगर दिसली, तेव्हा डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर घ्यायला सांगितली. हे घ्यायचे. म्हणजे आठवण आली की घ्यायचे. शुगरमुळे काही दुखत नाही, ताप येत नाही, माणूस अंथरुणाला खिळत नाही, त्यामुळे घरात कोणाला तिची भीतीच वाटत नाही. मग पायांना मुंग्या येऊ लागल्या. झोपेत तळव्यांची आग व्हायची, पाय चादरीबाहेर काढून झोपायचे. एकदा म्हणाले, "मोजे काढले तरी घातल्यासारखेच वाटतात." आम्ही दोघांनी मिळून सेफ्टी शूजना दोष दिला. नवे बूट कंपनीने दिले. काही महिन्यांनी आग थांबली, मुंग्याही गेल्या. मी नव्या बुटांना दुवा दिला.

मग ते नवरात्र आलं. एरवी ह्यांचं अनवाणी राहणं म्हणजे घरातला एक तमाशा असायचा. ऑक्टोबरचं ऊन, तापलेलं डांबर, कडेला उखडलेली खडी, ट्रकमधून सांडलेलं काय काय. दोन दिवस झाले की हे रस्त्याच्या कडेच्या गवतावरून उड्या मारत यायचे. "आई गं" म्हणून ओरडायचे, तेव्हा ती देवीची आई की गावाकडची, हे मला कधी कळलं नाही. मुलं नि मी खिडकीतून बघून हसायचो. त्या वर्षी तसं काही झालंच नाही. भरदुपारी हे मोटारसायकल कोपऱ्यावर लावून डांबरावरून ताठ चालत आले. मी विचारलं, "पोळत नाही?"

"यंदा पायाला काही लागतच नाही," ते म्हणाले. "आईने गादी अंथरलीय."

हे सांगताना त्यांचा चेहरा इतका निवांत होता, की माझ्याही अंगावर शहारा आला. इतकी वर्षं श्रद्धेने केलं, आता त्याचं फळ मिळालं, असं मला मनापासून वाटलं. आरतीच्या वेळी मी ते मंडळातल्या बायकांना सांगितलं. गोष्ट मांडवभर झाली. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या आजी येऊन ह्यांच्या पाया पडल्या. पहिल्यांदा हे लाजून मागे सरले. दुसऱ्या दिवशी एक नवं जोडपं वाकलं, तेव्हा मागे सरले नाहीत. तिसऱ्या दिवशी 'सुखी राहा' म्हणताना हात असा काही वर केला, की मला हसू लपवायला पदर तोंडाशी धरावा लागला. पण आतून अभिमानच वाटत होता.

उपवासही होताच. आमच्याकडचा उपवास म्हणजे सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस आणि राजगिऱ्याचे लाडू, संध्याकाळी केळी, वाडीवरून आलेले चिकू, आणि चहा मोजायचा नाही. आता हे लिहिताना मला ते एकेक ताट दिसतं आणि स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. तेव्हा वाटायचं, बिचारे नऊ दिवस उपाशी आहेत, दोन लाडू जास्त वाढावेत. आणि गोळी? गोळीची पट्टी फ्रिजवर जशीच्या तशी होती. मी अष्टमीला पाहिली आणि विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "जेवणानंतर घ्यायचीय ना? मी जेवतोय कुठे? फराळ करतोय." मला ते पटलं. एक पोळी की दोन पोळ्या यावरून दिवसभर माणसांशी वाद घालणारी मी, पण हे मला पटलं. फराळ म्हणजे जेवण नव्हे, हे लहानपणापासून इतकं डोक्यात बसलेलं, की शरीरालाही ते माहीत असेल असंच आम्ही धरून चाललो.

नवमीला होम झाला की आमच्या मंडळात अनवाणी राहिलेल्यांचे पाय धुतात. घरातल्या बाईने परातीत पाणी घ्यायचं, पाय धुवायचे, पुसायचे, हळदकुंकू लावायचं. मांडवात खुर्च्या मांडल्या होत्या. हे खुर्चीत बसून शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी बोलत होते, मंडळाचा जनरेटर सारखा का बंद पडतो त्याबद्दल. मी डावा पाय धुतला. उजवा परातीत घेतला, तर पाणी तांबूस झालं. मला वाटलं, कुंकवाचा हात लागला. मग लक्षात आलं, कुंकवाची वाटी अजून तशीच झाकलेली आहे.

पाय उचलून तळवा बघितला. करंगळीच्या खाली कातडी काळी पडून सुटली होती आणि मधोमध काहीतरी चमकत होतं. वासही येत होता, तो इतका वेळ धुपात कळला नव्हता. मी नखांनी ते टोक धरलं आणि ओढलं. तार होती. ट्रकचे टायर फुटले की त्यातल्या बारीक तारा रस्त्यावर पडलेल्या असतात, तसली. बोटाच्या पेराएवढी सहज होती आणि ती सगळी आत होती. ती बाहेर आली, तिच्यामागून पू आला, आणि वर हे म्हणत होते, "डिझेलमध्ये पाणी असणार, दुसरं काही नाही."

मी तार हातात धरून त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. एक स्नायू हलला नव्हता. शेजारच्या बाईने "अगं बाई" म्हटलं तेव्हा त्यांनी खाली पाहिलं आणि मला विचारलं, "काय झालं? कोणाचं आहे ते?"

इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. रक्ताची नाही, त्या प्रश्नाची.

बोईसरच्या डॉक्टरांनी जखम बघितली आणि पट्टी न बांधता चिठ्ठी लिहून पालघरच्या हॉस्पिटलला पाठवलं. तिथल्या डॉक्टर तरुण बाई होत्या, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी शुगर तपासली आणि आकडा सांगितला, तेव्हा हे म्हणाले, "पण मी तर बॉर्डरवर होतो." बाई हसल्या नाहीत. ह्यांना डोळे मिटायला सांगून त्यांनी दोन्ही पायांना नायलॉनचा बारीक दोरा जागोजागी टेकवला आणि कळतंय का विचारत गेल्या. मग मला बाहेर बोलावून सांगितलं. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरत जातात. आधी मुंग्या येतात, आग होते. मग ते थांबतं आणि लोकांना वाटतं, बरं झालं. रक्तही नीट पोचत नाही, त्यात तंबाखू, त्यामुळे जखम भरत नाही.

"पण ह्यांनाच का?" मी विचारलं. सगळे विचारत असतील तेच.

बाईंनी उलट मलाच विचारलं. आईवडिलांना होती का? दोघांना? वय? बसून काम? रात्रपाळी? झोप किती? पोट कधीपासून? बीपी? मी एकेका प्रश्नाला हो म्हणत गेले आणि माझा आवाज बारीक होत गेला. त्या म्हणाल्या, ह्यातली कुठलीही एक गोष्ट असली म्हणजे होतेच असं नाही, पण एकावर एक चढत गेल्या की शक्यता वाढत जाते. "आणि हे फक्त तुमच्याकडे नाही. बाहेर बाकांवर बघा. मोठ्या माणसांत दहांमागे एकाला तरी आहे, आणि त्यातल्या कितीतरी जणांना पत्ताच नाही." मी काचेतून बाकांकडे पाहिलं. कोणी साफ्यातला म्हातारा, कोणी कंपनीचा ओळखपत्राचा पट्टा गळ्यात घातलेला माणूस, एक सात-आठ महिन्यांची गरोदर मुलगी. मी म्हटलं, हिला पण?

"गरोदरपणात होते कधी कधी. बाळंतपणानंतर जाते, पण अशा बायकांना पुढे होण्याची भीती जास्त. तुम्हाला होती का तेव्हा?"

मुलाच्या वेळी सातव्या महिन्यात मला शुगर निघाली होती. बाळंत झाल्यावर गेली, सगळ्यांनी पेढे वाटले, आणि मी ती विसरून गेले ती गेलीच. त्यानंतर मी एकदाही तपासलं नव्हतं. त्याच दिवशी बाईंनी माझंही रक्त घेतलं. सैन्यात आणखी एक भरती झाली म्हणायची. पण मी चालायला लागले, अजून चालते, आणि बॉर्डर ओलांडलेली नाही.

ह्यांच्या पायाची करंगळी काढावी लागली. आधी बाई म्हणाल्या, वाचवू. मग म्हणाल्या, बोट वाचवायच्या नादात पाय जाईल. सही मी केली. दिवाळीचे दिवस आम्ही हॉस्पिटलात काढले. मुलांनी घरी कंदील लावला आणि मला फोटो पाठवला. डबे बंद होते. घिवलीची मावशी कोणाला विचारत विचारत वॉर्डात आली, ह्यांच्या पट्टीकडे बघितलं, स्वतःच्या उघड्या पायांकडे बघितलं आणि माझ्याजवळ बसून म्हणाली, "मी बी उद्यापासून चप्पल घालनार, ताई. वाडीत बी घालनार." मला रडू फुटलं ते तिच्यासमोरच फुटलं. तोवर मी कोणासमोर रडले नव्हते.

जखम भरायला पावसाळा उजाडला. तंबाखू सुटली, म्हणजे सहज सुटली नाही, दोनदा खिशात पुडी सापडली आणि दोनदा घर डोक्यावर घेतलं मी. कंपनीने दिवसपाळी दिली. ह्यांच्या डब्यात आता भाकरी, पालेभाजी, उसळ असते आणि गोळीवर वाद होत नाही. मऊ तळव्याच्या, मागे पट्टा असलेल्या खास चपला बाईंनी लिहून दिल्या. घरातसुद्धा त्या घालायच्या, एक पाऊलही मोकळं टाकायचं नाही. रोज आंघोळीनंतर मी पाय बघते, बोटांच्या बेचक्यात, टाचेला, सगळीकडे. मेलेल्या नसा परत येत नाहीत, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. आहे ते जपायचं. दुसरी जखम झाली तर घोट्यापर्यंत पाय जाऊ शकतो, हेही सांगितलं होतं, ते ह्यांच्यासमोरच.

आणि मग पुन्हा नवरात्र आलं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दुपारी हे पलंगावर बसले होते आणि मी देवघरातली भांडी घासत होते. म्हणाले, "उद्यापासून मी अनवाणी राहणार."

मला आधी वाटलं, चेष्टा करतायत. नव्हती. म्हणाले, शब्द जन्मभरासाठी दिलाय, एक बोट गेलं म्हणून शब्द जात नाही. मी म्हटलं, पाय जाईल. ते म्हणाले, कंपनीने कायम केलं ते आईमुळे, ह्या घरातला एकेक घास तिचा आहे. मी म्हटलं, एकेक घास माझ्या हातचा आहे, मलाही थोडं विचारा. आवाज चढला. शेजारच्या दाराची कडी वाजली, म्हणजे कोणीतरी ऐकायला आलं. मी म्हणून पाहिलं, की मी राहते अनवाणी, मी फेडते. "बोललोय मी," ते म्हणाले, "फेडणार मी." मग एकदम आवाज खाली आणला आणि मला समजावू लागले, लहान मुलाला समजावतात तसं.

"अगं, आता जाणवतं मला. खरंच. महिनाभर झाला, फरशी गार लागते, चपलेचा पट्टा लागतो. तुला सांगितलं नाही. डॉक्टरांना काय सगळं कळतं? जाणवतं म्हटल्यावर काय भीती आहे? काही लागलं तर कळेल ना मला."

मला विश्वास ठेवावासा वाटला. हे लिहायला लाज नाही. त्या क्षणी मला डॉक्टर बाई खोट्या ठराव्यात असं फार वाटलं. मी हात पुसले, चपला त्यांच्या पायातून काढून दाराजवळ ठेवल्या, खराट्याची एक मऊ हीर काढून आणली आणि पलंगासमोर खाली बसले. म्हटलं, "डोळे मिटा. मी टेकवेन तिथे सांगा. सगळं बरोबर आलं तर उद्या मी स्वतः तुमच्या चपला माळ्यावर टाकीन."

त्यांनी डोळे मिटले. अगदी घट्ट, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मी हीर अंगठ्याच्या टोकाला टेकवली. ते गप्प. टाचेला टेकवली. गप्प. तळव्याच्या मध्ये जरा दाबली, इतकी की कातडी पांढरी झाली. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, नुसती वाट पाहणं होतं. "सुरू कर की," ते म्हणाले.

मी हीर खाली ठेवली. मला पुढे काही करवेना. हात मांडीत घेऊन मी तशीच बसून राहिले.

"हां," ते म्हणाले. "आता. अंगठ्याला."

हीर फरशीवरच पडली होती.

"आता टाचेला. बरोबर?" त्यांचा चेहरा उजळला होता. "आता पुन्हा अंगठ्याला. बघ, मी म्हटलं नव्हतं? गुदगुल्या होतायत."

ते खोटं बोलत नव्हते. इतक्या वर्षांच्या संसारात मला त्यांचं खोटं ओळखता येतं, आणि हे ते नव्हतं. खोटं असतं तर मी भांडले असते. मी गुडघ्यांवर पुढे सरकले आणि माझे दोन्ही हात त्यांच्या मांडीवरच्या हातांत दिले.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. माझा एक हात चाचपला, मग दुसरा. दोन्ही मनगटांवरच्या बांगड्यांवरून बोटं फिरवली, पुन्हा पहिल्या हातावर आले. दोन्ही तिथेच होते. बराच वेळ त्यांनी ते घट्ट धरून ठेवले आणि मला त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येताना दिसलं.

मग ते म्हणाले, "चपला आण."

मी आणल्या. पाय त्यांनी स्वतः उचलून माझ्यापुढे धरला, आणि पट्टा किती आवळायचा ते मला विचारलं.